शिलाईच्या वर्गातल्या आठ दुपारी

आमच्या शिलाईच्या वर्गात पहिल्या मशीनवर बॉबकटवाली बसायची. माझी मैत्रीण दुपारच्या नमाजेआधी वजू करत, हातपाय धूत होती, एक पाय बेसिनमध्ये, दुसरा जमिनीवर, तोल सावरत. नेमका तेव्हा बॉबकटने तिचा व्हिडिओ काढला आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘बगळा’. सगळ्या पोट धरून हसल्या. दुसऱ्या दिवसापासून मैत्रिणीने नमाज पढणं सोडलं. सतरा वर्षांची पोर, लहानपणापासून एकही न चुकवणारी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मन घट्ट कर," मी तिला समजावलं. "हेच वय असतं घसरायचं." ती मान खाली घालून काजं करत बसली.

मग मी ठरवलं, बॉबकटला सळो की पळो करून सोडायचं. रोज दुपारी मी माझी जानमाज, नमाजेची चटई, तिच्या मशीनला अगदी खेटून अंथरायचे. मी उठेपर्यंत तिला खुर्ची मागे सरकवता येत नसे. सजदा मी मुद्दाम लांबवायचे. कपाळ जमिनीवर आणि कान तिच्या मशीनकडे. मशीन अडखळलं की मला आतून गुदगुल्या व्हायच्या. तिसऱ्या दिवशी तिने कॉलर उलटी शिवली. बाईंनी सगळी उसवायला लावली. मला इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

आठव्या दिवशी मी जानमाज उलगडायच्या आतच तिने सगळ्यांसमोर माफी मागितली. व्हिडिओही काढून टाकला. रडली. मी हवेत तरंगत मैत्रिणीला शोधायला निघाले. ती कापडाच्या खोलीत होती, ठाणांच्या मागे, जानमाज अंथरून.

"तू परत सुरू केलीस?"

"चार दिवस झाले."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू वरात काढली असतीस." ती हसली नाही. "इथून मी रोज तुला बघत होते. एक विचारू? तू नमाजेला कुणासाठी उभी राहत होतीस?"

ती बाजूला सरकली आणि मला जागा करून दिली.

मी शेजारी उभी राहिले. मनात नमाजेची नियत करायला गेले, तर डोळ्यांसमोर रडणारी बॉबकट. आणि मला अजूनही तिची कीव येत नव्हती.

"तू सुरू कर," मी म्हटलं आणि पाय मागे घेतला.