रविवारी गप्प बसवलेला भोंगा

रविवार, सकाळचे सव्वासात. लोणावळ्याजवळचा कंपनीचा खालचा तलाव. वारा पूर्वेचा, पाणी उतरलेलं. तलावातल्या बेटावर एक माणूस. पलीकडच्या काठावर बंदुका घेतलेले पाहुणे. धरणाच्या भिंतीवर मी.

मी भोंगा आहे. त्या सकाळी मी वाजायला हवा होतो आणि वाजलो नाही. चौकशीच्या कागदांत माझ्याविषयी एकच ओळ आहे. ती ओळ वाचून कोणाचाही समज होईल की सगळं ठीकठाक होतं. तसं नव्हतं, म्हणून बोलतोय.

माझी घडण विलायतेतली. पेंढ्यात गुंडाळून मला मुंबईच्या गोदीत उतरवलं आणि मालगाडीने बोरघाट चढवला. पहिली मोठी लढाई नुकतीच संपली होती. माझ्या पोटात लोखंडी पाती आहेत आणि बाजूला एक दांडा. दांडा फिरवला की आधी मी घुरघुरतो, मग आवाज चढत जातो. वारा साथीला असला तर तो डोंगरापलीकडच्या वाड्यांपर्यंत पोचतो.

माझं काम एवढंच. खालच्या तलावाचं पाणी नळांतून घाटाखाली वीजघराकडे जातं आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालतात. गिरण्या चालल्या की आमचा तलाव उतरतो. फार उतरला की वरच्या तलावाचा दरवाजा उघडतात आणि बोगद्यातून पाणी इकडे येतं. ते यायच्या आधी वरचा दरवाजेवाला रखमाजी टेलिफोन करायचा, "नथू, पानी सोडतोय, भोंगा दे." माझा पहारेकरी नथू "बरं" म्हणायचा, फोन ठेवायचा आणि माझा दांडा धरायचा.

भोंगा कशासाठी, तर तलावातल्या बेटासाठी. बेट कसलं, धरणाखाली बुडालेल्या वाडीचं ते खळं. पाणी उतरलं की खळं वर येतं आणि वाडीची जुनी गाडीवाटही उघडी पडते. बायका गवताला जातात, गुरं जातात. बोगद्याचं तोंड नेमकं त्या वाटेच्या अंगाला आहे. पाणी सुटलं की आधी वाट जाते, मग खळं.

या बेटावर रोज जाणारा माणूस म्हणजे इब्राहिम पाववाला. लोणावळ्यात त्याची भट्टी होती. पहाटे पाव निघाले की ते बंगल्याबंगल्यांत पोचवायचे आणि मग झोपायच्या आधी तलावावर यायचं, असा त्याचा नेम. गळ्यात जुनी पलटणीची दुर्बीण. भिंतीवरून जाताना नथूच्या हातात एक गरम पाव ठेवायचा.

"इब्राहिमभाऊ, खरं सांगा, पाव इकता का पाखरं इकता?"

"पाव पोटाला, पाखरं डोळ्यांना. तुला काय कळणार? तुझ्या डोळ्यांना दांड्याशिवाय दिसतंय काय?"

"दिसतंय की. झोप न झालेला एक म्हातारा दिसतोय."

"म्हातारा तुझा बा."

इब्राहिम हर्णैच्या बाजूचा. पोटासाठी घाट चढून आला होता. दिवाळी सरली की आमच्या बेटावर कुरव उतरायचे, पांढरीशुभ्र, लाल पायांची समुद्रपाखरं. पहिल्यांदा त्यांना इथे पाहिलं तेव्हा तो भिंतीवर बराच वेळ उभा राहिला. "आमच्या दर्यावरची आहेत ही," नथूला म्हणाला. "इतकी वर कशाला आली?" तेव्हापासून तो रोज यायचा. हिवाळ्यात कुरवांचं डोकं पांढरं असतं, कानामागे एक काळा ठिपका. माघ उलटला की तो पसरत पसरत सगळं डोकं काळपट होतं. "टोपी घातली की निघालेच म्हणून समज," इब्राहिम सांगायचा. उत्तरेला कुठे बर्फाच्या मुलखात जातात म्हणे. पहिली टोपी कोणाच्या डोक्यावर चढते हे पाहायची त्याला फार हौस.

दर्याची भरती त्याला अंगानं कळायची. इथली कळत नव्हती. "तिथे चंद्र बघून सांगता येतं," तो म्हणायचा. "इथली भरती साहेबाच्या हुकमानं येते. म्हणून तुझा भोंगा." माझा आवाज झाला की पाखरं उठायची आणि पाखरांमागोमाग तोही उठायचा. वर्षानुवर्षं असं चाललं. माझ्या आवाजावर त्याने भरवसा टाकला होता. तो टाकायला आम्हीच त्याला शिकवलं होतं. पाट्या लावल्या होत्या, दवंडी दिली होती: भोंगा झाला की बेट सोडा.

आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, फिटर सोपान पाना घेऊन आला आणि माझा दांडा काढायला लागला.

"ह्ये रं काय?" नथूने विचारलं.

"वरनं सांगितलंय. उद्या कंपनीच्या बंगल्यावरचं पाव्हणं बदकं मारायला बसनार. भोंगा झाला की समदी पाखरं उडत्यात."

"आन पानी सोडलं तर?"

"रविवारी कदी सोडलंय का? गिरण्याच बंद असत्यात."

"वरनं म्हंजी कुनी?"

"वरनं म्हंजी वरनं. तुला जायाचंय का इचारायला?"

नथू गेला नाही. सोपान दांडा पिशवीत घालून घेऊन गेला. तोही खोटं बोलत नव्हता. रविवारी पाणी सोडत नसत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण त्या आठवड्यात संक्रांत झाली होती. संक्रांतीला गिरण्यांनी सुट्टी दिली होती आणि तिच्या बदली हा रविवार भरून घ्यायचा ठरवलं होतं. मुंबईतल्या कामगारांना हे माहीत होतं. वीजघराला माहीत होतं. पाहुणे मुंबईचेच होते, आणि त्यांतल्या दोघांच्या स्वतःच्या गिरण्या होत्या. माहीत नव्हतं ते फक्त भिंतीवरच्या माणसांना.

सकाळी इब्राहिमला सांगू, असं नथूने मनाशी ठरवलं होतं. पण पाहुण्यांमुळे बंगल्यावर पावाची मोठी मागणी होती. इब्राहिम आधी तिकडे गेला, पाव उतरवले आणि त्याच बाजूने गाडीवाटेला लागला. भिंतीवर आलाच नाही. पाहुण्यांनी त्याचे पाव खाल्ले आणि बंदुका उचलल्या.

सव्वासातला टेलिफोन वाजला. "नथू, पानी सोडतोय, भोंगा दे." नथू सवयीने "बरं" म्हणाला. रखमाजीनेही सवयीने फोन ठेवला.

मग नथू माझ्याकडे वळला आणि जागीच थांबला. नजर बेटाकडे गेली. तिथे इब्राहिम दुर्बीण लावून बसला होता.

नथूने धावत जाऊन फोनचं हँडल फिरवलं. पलीकडे घंटी वाजत राहिली. रखमाजी दरवाज्याच्या चाकाशी गेला होता, तिथून घंटी ऐकू येत नाही. नथू परत माझ्याकडे आला. दांड्याच्या जागी बोटभर चौकोनी लोखंड उरलं होतं. ते त्याने दोन्ही हातांनी धरलं आणि पिळलं. तळव्यांची सालटी निघाली. माझी पाती जराशी हलली आणि कुत्र्याच्या पिलासारखा एक आवाज माझ्यातून निघाला. तो भिंतीखालीसुद्धा गेला नसेल.

"इब्राहिमभाऊ! पानी! पानी आलं!"

तेवढ्यात बंदुकांची पहिली फैर झाडली गेली. बदकं उठली, कुरव उठले. पाखरं उठली तसा इब्राहिमही उठला असता. पण छर्रे बेटावरून जात होते. मी पाहिलं, त्याने डोकं खाली घातलं आणि खळ्यावर पालथा पडून राहिला. एक हात वर करून तो रुमाल हलवत होता. पाहुण्यांना रुमाल दिसला की नाही, ते पाहुणे जाणोत. फैरी थांबल्या नाहीत.

नथू भिंत उतरून काठाने पळत सुटला. पत्र्याचा डबा बडवत होता, शिव्या देत होता. इकडे बोगद्याच्या तोंडाशी पाणी फुगलं आणि गाडीवाटेवर चढलं. पालथ्या पडलेल्या माणसाला ते दिसायचं कसं? अंगाला ओल लागली तेव्हा तो उठला. छर्रे येत असतानाच उठला. वाटेच्या जागी तोवर गढूळ लोंढा वाहत होता.

दर्याकाठचा माणूस, पोहता येत होतं. दुर्बीण गळ्यातून काढून त्याने पाण्यात उडी घेतली. निम्म्यावर आला. मग बोगद्याच्या धारेने त्याला उचललं आणि जुन्या वाडीच्या दगडांकडे नेलं. नथू छातीभर पाण्यात शिरला होता. दोघांमध्ये गाडीच्या रुंदीइतकं अंतर असेल. हाताला हात लागला नाही.

चौकशी बंगल्याच्या व्हरांड्यात झाली. इब्राहिमची बायको जैनब खाली पायरीवर बसली होती. साहेबांच्या कारकुनाने विचारलं, "तुमचा नवरा रोज बेटावर कशासाठी जायचा?"

"पाखरं बघायला."

"त्यात त्याला मिळायचं काय?"

"तुमच्या पाहुण्यांना पाखरं मारून काय मिळतं, ते आधी विचारा," जैनब म्हणाली. "माझा माणूस नुसता बघायचा. भोंग्याच्या भरवशावर जायचा. भोंगा का दिला नाही, तेवढं सांगा. मला दुसरं काही नको."

नथूने सगळं सांगितलं. टेलिफोनवर आपण "बरं" म्हणालो, हेही सांगितलं. त्याच्या सगळ्या जबानीतून तेवढा एकच शब्द उचलला गेला. पहारेकऱ्याला सूचना मिळाली होती, त्याने ती मान्य केली, भोंगा दिला नाही. कामावरून कमी. पुढे तो नवलाख उंबरे गावी भावाच्या शेतावर गेला. तळवे बरे झाले असतील. सोपानला दूरच्या कामावर पाठवलं आणि त्याची जबानी घ्यायची राहून गेली. ओव्हरसियर म्हणाले, आपण असा हुकूम दिला नाही. त्यांचे साहेब म्हणाले, आपण दिला नाही. बंगल्याचा खानसामा म्हणाला, पाहुणे कंपनीच्या कामात बोलत नाहीत.

आणि माझ्याविषयीची ती ओळ अशी: भोंगा तपासला, दांडा जागेवर, आवाज उत्तम.

त्या घटनेला आता कितीतरी हिवाळे झाले. भिंतीवर विजेचा भोंगा बसला आणि मी गोदामात गेलो. नव्याचा खटका एका बंद खोलीत आहे, किल्ली साहेबाकडे. म्हणजे शिकायचं ते कोणी शिकलं नाही. आता दुसरी लढाई पेटली आहे, सरकार मोडीचं लोखंड गोळा करतंय. उद्याच्या गाडीत मी आहे. मला कशात ओततील कोण जाणे. वितळण्याचं मला काही वाटत नाही. न बोलता वितळण्याचं वाटतं. हे ऐकणाऱ्यांनी कधीतरी त्या व्हरांड्यात जाऊन जैनबचा प्रश्न पुन्हा विचारावा, इतकंच मागणं आहे.

विचारताना एवढं ध्यानात ठेवा. त्या रविवारी पोलीस यायच्या आधी, नथू आणि गावची माणसं अजून पाण्यात इब्राहिमला शोधत असताना, माझ्या शेजारच्या चौकीत टेलिफोन वाजला. चौकीत सोपान एकटा होता, आरडाओरडा ऐकून पिशवीसकट धावत आलेला. त्याने फोन उचलला. "जी," म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "व्हय साहेब, बसवतो लगीच." मग तो पाना घेऊन बाहेर आला आणि माझा दांडा परत बसवला. नट त्याच्या हातून दोनदा खाली पडला.

फोनच्या पलीकडे कोण होतं, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.