लाल दोऱ्याची सुई

लग्न होऊन मी मुळशीला आले, तेव्हा शेजारी हुसेनभाई मुलाणी कपडे शिवायचे. सदरे, बंड्या, चोळ्या, सगळं गाव त्यांच्या एका मशिनवर. त्यांना साखरेचा आजार जडला आणि पौडच्या डॉक्टरांनी इंजेक्शन सुरू केलं. काचेची पिचकारी उकळून मैमुनाभाभी रोज स्वतः टोचायच्या. शिक्षण दुसरीपर्यंतच, पण औषधाच्या मापाची रेघ कधी चुकली नाही.

अठ्ठावन्न सालचा रमजान चैत्रात आला. डॉक्टर म्हणाले, रोजे धरू नका. हुसेनभाईंनी बाराव्या वर्षापासून एकही रोजा सोडला नव्हता. ते ऐकेनात. शेवटी डॉक्टरांनी इंजेक्शनचं माप आणि वेळ बदलून दिली आणि बजावलं, हात कापला, घाम सुटला, की तिथल्या तिथं साखर खायची. नाहीतर शुद्ध हरपते, जिवावर बेततं.

भाभींनी त्यावर आपली परीक्षा काढली. दुपारनंतर तासातासानं दारातल्या मशिनपुढं उभ्या राहायच्या. "ओवा." हुसेनभाई सुईत दोरा ओवून दाखवायचे. एका दमात गेला तर रोजा पुढं चालू.

"भाभी, पोराची घ्यावी तशी परीक्षा घेताय," मी हसायचे.

"पोर परवडलं, तानू. हे लई लबाड हाय."

सतराव्या रोजाला मी तिथंच बसले होते. कुशाबा मुलाच्या लग्नातल्या पांढऱ्या सदऱ्यासाठी खोळंबला होता. भाभी आल्या. हुसेनभाईंनी सुई वर धरली, दोरा ओवलेला.

"झालं समाधान? जा आता," ते खेकसले. एरवी त्यांचा आवाज कधी चढत नसे.

भाभी हलल्या नाहीत. "सदरा पांढरा, काजं पांढरी, आन् सुईत लाल दोरा कसा?"

लाल दोरा माझ्या चोळीचा होता. कालचा. सुई आदल्या दिवशीच ओवून बंडीला टोचून ठेवलेली.

"हात दावा."

हात पानासारखा थरथरत होता. कपाळावर घाम.

"दोन तास राह्यलेत गं," हुसेनभाई पुटपुटले. "लोकं काय म्हंतील?"

"लोकांशी मी बोलीन." भाभींनी साखरेचं पाणी तयारच ठेवलं होतं. दारातच, सगळ्यांदेखत त्यांनी पेला नवऱ्याच्या ओठांना लावला. तो रिकामा झाल्यावर भाकरी आणली. हाताची थरथर थांबली आणि मग हुसेनभाईंचे डोळे भरून आले.

"बारा-तेरा रोजे ऱ्हायले माझे."

"मौलवींना मी रमजानच्या आधी, शाबानातच विचारून ठेवलंय. आजाऱ्याला झेपंना तर रोज एका गरिबाला जेवू घालायचं. रांधीन मी, वाढायचं तुमी."

कुशाबा खाकरला. "गरीब तर मी बी हाय, भाभी."

"भाताची चार खाचरं हायेत तुजी! गप सदऱ्याची वाट बघ."

हुसेनभाई रडता रडता हसले.

दुसऱ्या दिवसापासून शेरडं वळणारी म्हातारी बायजा त्यांच्या ओसरीवर जेवू लागली. हुसेनभाई वाकून वाढायचे. तिला आमटी आवडते म्हणून भाभी वाटी भरून बाजूला ठेवायच्या. इतकी शहाणी बाई मी पुढं फारशी पाहिली नाही.

पुढल्या वर्षी चाँद दिसला, तसे हुसेनभाई आपण होऊन कुंपणाशी आले.

"तानू, बायजाला सांग, उद्यापास्नं जेवाय ये म्हणावं. तीसच्या तीस दिवस."