परत पाठवलेल्या गाड्या

"सर, तुमच्या चार्जिंग स्टेशनवरच्या माणसाला झोपा काढायचा पगार मिळतो का?"

प्रश्न रश्मीचा नव्हताच. तो मागच्या बाकावर शिजला होता. त्या शुक्रवारी मूर्तिजापूरच्या शाळेत काळमेघ साहेब नावाचे चार्जिंग स्टेशनच्या कंपनीचे अधिकारी आले होते, विजेवरच्या गाड्यांबद्दल बोलायला. त्यांनी फळ्यावर अमरावती ते अकोला अशी रेघ ओढली, तिच्यावर स्टेशनांचे ठिपके दिले आणि म्हणाले, पाच वर्षांत गाड्या कितीतरी पट होतील, तेव्हा तयारी आजच करायला हवी. तेवढ्यात प्रतीक्षा कुजबुजली, "कुरुम फाट्यावर एक माणूस बसते पाह्य. आमी अमरावतीले चाललो होतो तं मान टाकून घोरून राहिला होता. विचार न साहेबाले!"

"तूच विचार."

"वक्तृत्वाची ढाल कोणाले भेटली? का पाठ केलेलंच बोलता येते तुले?"

झालं! भातकुलीहून नववीत आली तेव्हा हजेरीलासुद्धा जिचा आवाज फुटत नव्हता, त्या रश्मीला आता हात वर करायचं नुसतं निमित्त लागायचं. ती ताडकन उठली, खणखणीत आवाजात विचारलं आणि सगळा वर्ग खिदळला. हसू तिच्याही ओठांवर आलं होतं. पण बाकावर टेकता टेकता ते पुसलं गेलं.

कारण तो माणूस तिचा बाप होता.

वर्गात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. शाळेच्या पहिल्या आठवड्यात मुलींनी विचारलं होतं, तुझे बाबा काय करतात, आणि तिने "कंपनीत इंजिनिअर" असं ठोकून दिलं होतं. तिचा बाप नागसेन गवई खरं तर वायरमन. कुरुम फाट्यावर चार्जिंगच्या दोन गन, म्हणजे गाडीत खोचायच्या जाड वायरी, होत्या, तिथे तो पहाटे पाचपासून असायचा. गाडीला गन लावून द्यायची, मशीन अडलं तर बंद करून चालू करायचं, नवख्या माणसाला मोबाईलवर सगळं समजावून सांगायचं, हे त्याचं काम. दुपारी तीननंतर रस्ता सुस्तावला की कधी डोळा लागायचा, एवढंच.

काळमेघ साहेबांनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. "बेटा, तू मुद्द्याचं बोललीस. तिथे आम्ही आणखी आठ गन लावणार होतो. पण मशीनचे आकडे सांगतात की निम्मा दिवस आहेत त्या दोन गनही रिकाम्याच. सोमवारी शेवटची पाहणी आहे. गर्दी दिसली नाही, तर त्या आठ गन बाळापूरकडे जातील."

आकडे असे का दिसतात, हे त्या वर्गात एकट्या रश्मीला माहीत होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती बाबांचा डबा घेऊन फाट्यावर जायची. अकरा ते दोन गाड्या नुसत्या एकावर एक येऊन पडायच्या. दोन लागल्या की तिसऱ्याला थांबावं लागणार, आणि तिथे झाडाची सावलीसुद्धा नाही. आल्या माणसाला उन्हात ताटकळत ठेवायचं म्हणजे बाबांच्या जिवावर यायचं. ते धावत रस्त्याच्या कडेला जायचे. "दादा, चार्जिंग किती हाय? तीस टक्के? मंग बोरगावच्या स्टेशनले आरामात पोहोचता. इथं पाऊण तास लागन, लेकरं तापतीन. जा तुमी, मी तिथं फोन करून ठेवतो." एका दुपारी त्यांनी अशा नऊ गाड्या परत पाठवल्या होत्या. मशीनला त्या नऊ कुठून कळणार? गन लागली तेवढीच गाडी त्याच्या लेखी आली.

हे सांगायला फक्त हात वर करायचा होता. पण मग तुला कसं माहीत, हे आलंच असतं. तिचा तो सदा वर असणारा हात मांडीखाली दाबलेलाच राहिला. साहेबांनी फळा पुसला, टाळ्या झाल्या आणि प्रतीक्षाने तिच्या पाठीवर थाप मारली, "मानलं तुले!" ती थाप रश्मीला चटका लागावा तशी लागली.

संध्याकाळी बाबा घरी आले ते पाय ओढतच. रश्मीची आई भावना भाकरी थापत होती. "काऊन हो, लंगडून राहिले?"

"दुपारपासून उभाच हाय न. आता बसाचंच नाई म्हटलं." बाबा भिंतीला पाठ लावून टेकले. "साहेबाचा फोन आला होता. हसून राहिले होते. म्हणे एका पोट्टीनं भर वर्गात विचारलं, झोपा काढाचा पगार भेटते का?"

"अव माय! कोणाची व थे आगाऊ पोट्टी?"

"आगाऊ काहून? खरंच तं बोलली. लागते डोळा कधी." बाबा लेकीकडे वळले. "तुयाच शाळेतली असन. हुशार दिसते. तुयी मैत्रीण हाय का?"

रश्मीने हातातला घास ताटात ठेवला. बाबांनी रागावून शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. ते पोटऱ्या चोळत आईला सांगत होते, आठ गन आल्या तर साहेब त्यांना नोकरीत पक्कं करणार होते, आता काही खरं नाही. कदाचित पुन्हा भातकुलीला वायरिंगची कामं धरावी लागतील. त्यात तिची दहावी मध्येच.

"मीच विचारलं," रश्मी म्हणाली.

तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी आईचा हात हलला नाही.

"वर्गात मी तुमाले इंजिनिअर सांगितलं होतं, बाबा. पोरी म्हणाल्या विचार, अन मी विचारलं. गाड्या तुमी परत पाठवता हे मले माहीत होतं, तरी तोंड उघडलं नाई. तुमचं नाव घ्याची लाज वाटली."

बाबांनी नजर वळवली आणि ते गुडघ्यावरची धूळ झटकायला लागले. धूळ तिथे नव्हतीच. ते रागावले का, हेही तिला कळेना.

"जेवून घे," एवढंच ते पुटपुटले.

पण रश्मीने ताट सरकवलं आणि ती उभी राहिली.

"उद्या प्रार्थनेनंतर मी वर्गात सांगणार हाय, तो माणूस माझा बाप हाय अन तो वायरमन हाय. हसले तं हसले. सोमवारी मी शाळेत जाणार नाई, फाट्यावर येईन. आई, तू बी ये, पाण्याचे माठ घेऊन. ताडपत्री मी बांधीन. अन बाबा, त्या दिवशी तुमी एकबी गाडी परत पाठवाची नाई. तुमचा जीव तुटला तरी रांग लागू द्याची. साहेब आले का मी त्याईच्यासमोर उभी राहीन अन शुक्रवारचं सारं सांगीन, माझं नाव घेऊन. तुमी नाई म्हटलं तरी मी येणार हाय."