तेरेरेचा बर्फ

निमियाच्या दंडाला रबरी पट्टी आवळली आणि थोड्याच वेळात तिची बोटं आखडून एकमेकांना चिकटली. अंगठा तळहातात वळला.

"हात सैल सोड गं! नाटकं कसली करतेस?" लॅबमधला बेनिग्नो तिच्यावर खेकसला.

"नाटकं नाहीत ती," तिची आई सेल्सा म्हणाली. "कॅल्शियम कमी झालं की आखडतो तिचा हात. त्यासाठीच तर रक्त घेताय ना?"

बेनिग्नोने रक्त काढलं आणि नळी टेबलावरच्या लाकडी खाचेत ठेवून दिली.

सेल्सा बसथांब्यावर चिपा, म्हणजे चीजचे छोटे पाव, विकायची. तिची हाक पार पलीकडच्या रस्त्यापर्यंत जायची, पण या इस्पितळात ती कित्येक दिवस तोंड शिवून होती. निमियाला झटके यायचे. गोळ्या देऊनही कॅल्शियम वर येईना, तेव्हा डॉक्टरीणबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "तू गोळ्या देतच नाहीस हिला. विकून टाकतेस की काय?" सेल्साच्या अंगाचा तिळपापड झाला, तरी ती गप्प राहिली. पोरीचं औषध या बाईच्याच हातात होतं.

कॅल्शियम सांभाळणारं हॉर्मोन गळ्यातल्या ग्रंथींत तयार होतं. निमियाच्या अंगात ते आहे की नाही, हे सांगणारी तपासणी फक्त राजधानीत, असुन्सिओनला व्हायची आणि रक्त तिथपर्यंत बर्फात जावं लागायचं. दोनदा पाठवलं, दोनदा निरोप आला: नमुना गरम झाला, बाद. अहवाल नाही म्हणून औषध बदलायचं नाही, असा डॉक्टरीणबाईंचा हेका. गेल्याच आठवड्यात पोर वर्गात झटका येऊन बाकावर आपटली. भुवईला टाके पडले. वर्गातल्या बाईंनी सांगितलं, बरी होईपर्यंत शाळेत पाठवू नका.

"बर्फ घाला ना त्या नळीला," सेल्सा म्हणाली.

"बर्फ सकाळीच संपला. एवढ्यात असुन्सिओनची बस येईलच. डोकं खाऊ नका, सेल्साबाई."

असं म्हणून हा गृहस्थ खुर्चीत रेलला. त्याच्याच लॅबमधल्या ग्रासिएलाने वाडग्यातल्या पाल्यावर मोठ्या जगमधून पाणी ओतलं आणि तेरेरे, म्हणजे थंड पाण्यातला पाल्याचा चहा, त्याच्या हातात दिला. ओतताना जगमध्ये खळखळ आवाज झाला. सेल्साने आत डोकावून पाहिलं. जग बर्फाने गच्च भरला होता. खाली रिकामी पिशवी पडली होती, तिच्यावर ठळक अक्षरं होती: फक्त नमुन्यांसाठी.

मग मात्र थांब्यावरची सेल्सा जागी झाली.

"संपला काय रे? कुठे संपला, तुझ्या नरड्यात?"

"अहो, उन्हाळा केवढा आहे! दोन घोट प्यायलो तर..."

"तुला उन्हाळा, आणि माझ्या पोरीच्या रक्ताला काय थंडी? दोनदा टोचलीत तिला! दोनदा बाद! घरी ती तडफडत होती आणि तुम्ही तिचाच बर्फ चोखत होतात, मेल्यांनो!"

बाहेर रांगेतली माणसं दारात गोळा झाली. ग्रासिएला जग मागे ओढू लागली. सेल्साने तो हिसकावला, नमुन्यांच्या डब्यात पालथा केला आणि म्हणाली, "ठेव ती नळी. माझ्यादेखत ठेव."

बेनिग्नोने नळी पिशवीत घालून बर्फात खोवली. त्याचे कान लाल झाले होते. डबा सेल्साने स्वतः बसपर्यंत नेला आणि ड्रायव्हरच्या मांडीशी ठेवला.

या खेपेला अहवाल आला. डॉक्टरीणबाईंनी तो पुन्हा पुन्हा वाचला.

"हॉर्मोन भरपूर आहे. उलट जास्तच आहे. हिचं शरीर त्याला दाद देत नाही. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी भागणार नव्हतंच. सोबत दुसरं औषध देते."

"म्हणजे गोळ्या मी देत होते."

बाईंनी मान खाली घालून औषध लिहायला घेतलं. "हे आधी कळलं असतं, तर इतके झटके आले नसते," त्या पुटपुटल्या.

सेल्साने निमियाच्या भुवईवरचे केस बाजूला सारले आणि टाक्यांचा वण त्यांच्यासमोर धरला.

"बर्फ होता, डॉक्टरीणबाई. पहिल्या दिवसापासून होता. तुमची माणसं पीत होती."