पडद्यावरचं शून्य

शेषगिरी सरांना दवाखान्याच्या दारातून काठी टेकत आत येताना पाहिलं, आणि भार्गवीबाईंना आधी वाटला तो आनंद. नंतर लाज वाटायला हवी होती; ती काही वाटली नाही.

शहरातल्या एका मुलींच्या शाळेत सर हेडमास्तर होते तेव्हा भार्गवीबाई तिथं चित्रकला शिकवत. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमारास त्यांना संधिवातानं धरलं. सकाळी हातात खडू ठरेना. रजेचा अर्ज घेऊन गेल्या, तर अख्ख्या स्टाफरूमसमोर सर म्हणाले, "बोटं फळ्यापुरतीच आखडतात वाटतं? पगाराच्या सहीला तर बरी वळतात!" सगळे हसले. वर सरांनी त्यांचे सगळे तास माडीवर लावले. जिने चढून चढून गुडघे गेले, तेव्हा बाईंनी राजीनामा दिला. त्यानंतर त्यांनी ब्रश हातात धरला नाही.

आता धारवाडजवळच्या रायापूरच्या या दवाखान्यात, डॉक्टर श्रीलक्ष्मींच्या औषधानं, त्या बऱ्याच सावरल्या होत्या. डॉक्टरांनी नवा संगणक आणला होता. पेशंटनं आत जाण्याआधी त्याच्या पडद्यावर बोट टेकवून आपलं दुखणं स्वतःच सांगायचं: नळ फिरवता येतो का, बटण लावता येतं का, दुखतं किती, शून्य ते दहा. औषध वाढवायचं की नाही, हे डॉक्टर पुष्कळसं त्यावरून ठरवत. वयस्कर लोक पडद्याला बिचकत, म्हणून डॉक्टर बाईंना म्हणाल्या होत्या, "अक्का, गुरुवारी येऊन यांच्याजवळ बसाल का?"

सर खुर्चीत बसले. बोटं मुळाशी सुजून लाल झाली होती. त्यांनी बाईंना ओळखलं नाही.

"बाई, माझं बोट नीट टेकत नाही. तुम्हीच दाबा."

"सांगा. दुखतं किती?"

"नऊ म्हणा. झोप नाही हो."

बाईंनी शून्य दाबलं. नळ फिरवता येत नाही म्हणाले, तिथं 'सहज' दाबलं. बटणालाही तेच.

अर्धवट उघड्या दारातून त्यांना आतलं ऐकू येत होतं. डॉक्टर म्हणाल्या, "सूज दिसतेय, पण त्रास नाही म्हणताय. मग गोळ्या आहेत त्याच चालू ठेवू." तरुण डॉक्टरीणबाईंपुढं दुखतंय म्हणून कण्हणं सरांना कमीपणाचं वाटलं असावं. "मशीनला सगळं सांगितलंय," एवढंच ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात सुनेनं त्यांना रिक्षातून जवळजवळ उचलूनच आणलं. शर्टाची बटणं तिनंच लावलेली, वरचं एक चुकलेलं.

"ओळखलंत का सर?" बाईंनी विचारलं. "मी भार्गवी. चित्रकलेची."

सरांनी काठीवर जोर देऊन मान वर केली.

"मागच्या वेळी तुम्ही नऊ म्हणालात. मी शून्य दाबलं."

"का?"

"माझ्या दुखण्याचं तुम्ही तेच केलं होतं."

सून ओरडली. डॉक्टर बाहेर धावत आल्या. बाईंनी काही लपवलं नाही.

"अक्का, तुम्ही? स्वतः एवढं भोगून?"

"भोगलं म्हणूनच."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "आता गुरुवारी येऊ नका," त्या हळूच म्हणाल्या. "तुमची औषधं मी देत राहीन. पण इथं बसू नका."

"बरं," म्हणून बाई उठल्या. पिशवी खांद्याला लावली, पण निघाल्या नाहीत.

सून आकडा दाबायला पुढं झाली, तर सरांनी तिला हातानं बाजूला केलं आणि स्वतःच पडद्याकडं बोट नेलं. ते चारवर टेकलं. पुसून पुन्हा नेलं, तर सातावर. कपाळाला घाम आला. रांगेतली माणसं बघत होती, कुणी हसलं नाही. अखेर बोटाच्या पेरानं त्यांनी नऊ दाबलं आणि मान खाली घातली.

तेवढं डोळे भरून पाहून भार्गवीबाई बाहेर आल्या आणि धारवाडच्या बसला हात केला.