बादल पाण्यावर आला की

हौशीरामचा बैल बादल सकाळी हाळावर पाणी प्यायला आला, की वाडीचा पंप बंद पडे. दुसरा कुठलाही बैल आला, गाई आल्या, शेरडं आली, तर पंप चालू राही.

ही वाडी आणे गावाच्या पुढे, पठारावर. मध्यभागी पाण्याची बैठी टाकी, टाकीला लागून जनावरांचा दगडी हाळ आणि पलीकडे पंपाची खोली. बोअरचे पाणी टाकीत चढवायचे आणि टाकी भरली की पंप बंद करायचा, हे काम तुळशीदास वर्षानुवर्षे हाताने करत आला होता. पठारावर पाणी इतके बेताचे की टाकी भरून वाहिली तर बोलणी खावी लागत आणि कोरडी पडली तरी तीच. त्यामुळे तुळशीदास मुक्कामाला म्हणून कुठे गेलेला नव्हता. त्याची मुलगी रत्ना डिंभ्याला दिलेली. तिने नवे घर बांधले, तेव्हा घरभरणीच्या जेवणाला तो गेला आणि जेवलेला हात वाळायच्या आत परतीच्या एसटीत बसला. ‘घर नीट पाहिलंसुद्धा नाही तुम्ही, आठ दिवस राहायला या,’ असे रत्ना तेव्हापासून फोनवर म्हणत होती.

ते आठ दिवस आता हर्षालीने बसवलेल्या, पंप आपोआप चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरवर अवलंबून होते. हर्षाली नारायणगावात विजेची पॅनेल तयार करणाऱ्या एका लहानशा कारखान्यात काम करी. पंपाच्या खोलीत तिने पत्र्याची पेटी लावली, पेटीतल्या पट्टीवर कंट्रोलर आणि त्याला खेटून सेन्सरचे मोजमाप वाचणारे इनपुट मॉड्यूल बसवले, आणि टाकीवरच्या सेन्सरची वायर मॉड्यूलमध्ये आणून जोडली. सेन्सर पाण्याच्या दिशेने आवाज सोडतो. तो पाण्यावर आपटून किती वेळाने परत येतो, त्यावरून पाणी किती खाली आहे हे ठरते. अगदी जवळचा प्रतिध्वनी त्याला मोजता येत नाही. म्हणून तो टाकीच्या स्लॅबमधल्या भोकाच्या वर, लोखंडी अँगलवर, हातभर उंच बसवलेला होता.

पाणी उतरले की पंप सुरू, टाकी भरली की बंद, या दोन सूचना कंट्रोलरला देऊन काम भागले असते. हर्षालीने तिसरीही दिली होती: पातळी एकाएकी उडाली तर सेन्सरवर विश्वास ठेवू नये, पंप थांबवावा आणि माणसाने येऊन हिरवे बटण दाबेपर्यंत वाट पाहावी. पाणी क्षणात हातभर चढत नाही, एवढाच तिचा युक्तिवाद होता आणि तो बरोबर होता.

सरपंच साधनाताईंनी अट घातली होती. एका आठवडी बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत पंपाला कुणाचा हात न लागता पाणी मिळाले, तर तुळशीदासने खुशाल डिंभ्याला जावे. बाजार झाला, आणि दुसऱ्याच सकाळी बादल आला. पंप थांबला, तुळशीदासने बटण दाबले. पुढच्या सकाळी तेच. तिसऱ्या सकाळीही तेच झाल्यावर त्याने हर्षालीला फोन केला.

“मॅडम, तुमची मशीन बैलाला भिती.”

“मामा, मशीन कुणाला भीत नाही.”

“मग बैलाचा मान ठिवती म्हना. पन बंद पडती ती पडतीच.”

हर्षाली दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. तिने पेटी उघडली, मॉड्यूलचे सगळे स्क्रू आवळून पाहिले, अर्थिंग तपासले, सेन्सरची वायर मोटारीच्या केबलपासून पुरेशी लांब आहे याची खात्री केली. कुठेच दोष नव्हता. मग तिने लॅपटॉप जोडून मॉड्यूलमध्ये साठलेली पातळीची रेघ पाहिली. रेघ शांतपणे चढत होती आणि मध्येच सरळ वर उडाली होती. सेन्सरच्या म्हणण्याप्रमाणे टाकी डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात भरली होती. एका सकाळी नव्हे, तिन्ही सकाळी.

“बैल कुठंय?” तिने विचारले.

“येतोय की. त्याची तयारी चाललीय,” तुळशीदास म्हणाला.

तयारी खरोखरच चालली होती. इंजिनीअर बाई आपला बैल तपासायला नारायणगावाहून येणार, ही बातमी हौशीरामच्या घरी आदल्या संध्याकाळीच पोचली होती. बादल बैलगाडा शर्यतीच्या घाटात पळणारा बैल. त्याचे फोटो निघत. हौशीरामने त्याला धुतले, शिंगांना तेल लावले, पाठीवर नवी झूल टाकली आणि मागे दहा-बारा माणसे घेऊन तो हाळावर आला. गेले तीन दिवस तो सांगत होता, की आमच्या बादलचं पोट भरलं की पंपानं थांबायचं, असा हुकूमच आहे.

बादलने हाळात तोंड घातले. लोक पंपाच्या आवाजाकडे कान लावून उभे राहिले. बादल प्याला, मान वर केली, पुन्हा प्याला. पंप चालू होता.

“काय राव हौशीराम, हुकूम मोडला की,” कुणीतरी म्हणाले.

“नव्या मानसापुढं बुजलाय त्यो,” हौशीराम म्हणाला. “जरा दमा.”

हर्षालीने लॅपटॉपवर रेघ पाहिली. ती हळूहळू, नियमाने चढत होती. “बैलाचा काही संबंध नाही,” ती म्हणाली. तिचे हे वाक्य शास्त्रशुद्ध होते आणि त्यामुळे कुणालाच आवडले नाही. तुळशीदासचे तोंड उतरले. बैल नाही, तर मग काय, हे तर तिने सांगितलेच नव्हते. आणि कारण कळल्याखेरीज डिंभे लांबच होते.

तेवढ्यात हौशीरामची बायको प्रयागबाई लगबगीने येताना दिसली. ती टाकीला वळसा घालून हाळाजवळ पोचली, आणि पंप थांबला.

मग हशा पिकला.

“बैल न्हाई, प्रयागवैनीच हाय ती.”

“हसा,” प्रयागबाई म्हणाली. “माझ्यापुढं हा घरधनी कदी थांबला न्हाई, तुमचा पंप तरी थांबला.”

हर्षाली हसली नाही. “काकू, तुम्ही रोज सकाळी इथे येता?”

“मी कशाला येती? मला घरची कामं हायत.”

“मग आज का आलात?”

“ही द्यायला.” प्रयागबाईने खांद्यावरची घुंगूरमाळ पुढे केली. पितळी घुंगरांचा पट्टा सोन्यासारखा लखलखत होता. “फोटू निघायचा म्हनून काढून चिंचेनं घासाया घितली. तर हे तशेच बैल घिऊन आलं.”

“ही रोज बैलाच्या गळ्यात असते?”

“रोज,” हौशीराम म्हणाला. “बाकीची लोकं पोळ्याला नायतर यात्रेला बांधत्यात. आपन रोज बांधतो. घाटात हलगी वाजती, भोंगा वाजतो. जनावर आवाजाला बुजलं न्हाई पायजे.”

हर्षालीने हिरवे बटण दाबले. पंप सुरू झाला. तिने प्रयागबाईला माळ खाली ठेवून घराच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायला सांगितले. प्रयागबाई गेली, आली. पंप चालू राहिला. मग हर्षालीने माळ स्वतः उचलली, हाळापाशी उभी राहिली आणि हलवली. पंप थांबला. आता तिने पंपखोलीच्या किल्ल्यांचा जुडगा मागून घेतला, पंप सुरू केला, आणि जुडगा सेन्सरजवळ नेऊन खुळखुळवला. पंप थांबला.

“किल्ल्यांनीबी?” तुळशीदास म्हणाला.

“किल्ल्यांनीसुद्धा. मामा, प्लंबिंगच्या पाइपाचा जाडसर तुकडा मिळेल कुठे?”

तुकडा शेजारच्या रामदासच्या गोठ्यामागे मिळाला. हर्षालीने तो सेन्सरपासून स्लॅबच्या भोकापर्यंत उभा बसवला आणि वरून व खालून क्लॅम्पने आवळला. आता सेन्सरला पाण्याखेरीज कुठल्याच बाजूचे काही ऐकू येणार नव्हते. एवढ्यावर न थांबता तिने मॉड्यूलची एक सेटिंगही बदलली: एकच मोजमाप आले की लगेच खरे मानायचे नाही, लागोपाठच्या अनेक मोजमापांची सरासरी घ्यायची. तिसरी सूचना मात्र तिने काढली नाही.

माळ बादलच्या गळ्यात बांधली गेली. हौशीरामने त्याला हाळावर आणले, दोनदा फिरवले, आणि कुणी न सांगता त्याच्या मानेवर थाप मारून घुंगरे जोरात वाजवली. पंप चालू राहिला. हौशीरामला थोडे वाईट वाटले असावे. पण फोटोसाठी उभे राहताना ते दिसले नाही.

पुढच्या बाजारापासून त्याच्या पुढच्या बाजारापर्यंत पंपाला कुणीही हात लावला नाही. साधनाताईंनी किल्ल्या मागून घेतल्या आणि तुळशीदास एसटीत बसला. डिंभ्याला रत्नाच्या नव्या घरात त्याने सगळ्या खोल्या सावकाश पाहिल्या, धरणाकडच्या खिडकीत खुर्ची ओढून बसला आणि चहाचा दुसरा कप मागितला. रत्नाने विचारले, की शेवटी तो पंप बंद पडत होता तरी कशाने.

“घुंगराच्या आवाजानं,” तुळशीदास म्हणाला. “मॅडम म्हनाल्या, घुंगरू वाजलं की आपल्याला ऐकू येतो तेवढाच आवाज नसतो. त्याच्यावरचा लई बारीक आवाजबी त्यात असतो, आपल्या कानाला ऐकू न येनारा. सेन्सरचा आवाज त्याच जातीचा. त्याला वाटायचं, आपलाच आवाज पान्यावरनं लवकर माघारी आला. लवकर आला म्हंजी पानी जवळ, म्हंजी टाकी भरली. आन टाकी अशी एकदम भरत न्हाई, म्हनून मशीन पंप थांबवून मानसाची वाट बघत बसायची.”