क्वालालंपूरची रंगीत तालीम

जहाज मलेशियाच्या बंदरात आठ तास थांबणार होतं आणि त्या आठ तासांवरून आमच्या घरात महिनाभर वादावादी चालली होती.

सिंगापूरहून निघायचं, चार दिवस समुद्रात हिंडायचं आणि मध्ये एकदा त्या बंदराला लागायचं. तिथून बसनं क्वालालंपूर गाठायचं, शहर बघायचं आणि जहाज सुटायच्या आत परत यायचं. उशिरा येणाऱ्यांसाठी जहाज थांबत नाही, त्यांनी पुढचं काय ते आपापलं बघावं, असं कंपनीनं ठळक अक्षरांत बजावलं होतं. वाचून मला फार बरं वाटलं. मी नारायण पेठेत वाढले आहे. पैसे घेऊन वर दम देणारी माणसं मला आपली वाटतात.

जहाजाची हौस माझ्या नवऱ्याची, विश्वजीतची. वारज्यात त्याचं बांधकामाच्या सामानाचं दुकान आहे आणि धंदा बरा चालला की त्याला जग बघावंसं वाटतं. आखणी मात्र माझ्याकडे. ऑफिसात मी दिवसभर लोकांच्या कामांची वेळापत्रकं लावते, तेव्हा हेही माझ्याच गळ्यात पडलं. शहराचा नकाशा मी टीव्हीवर लावून बसायचे. आधी जोडमनोरे, मग तिथल्या मेट्रोनं जुना बाजार, तिथंच जेवण आणि परत बस.

एका संध्याकाळी जोडमनोऱ्यांचा फोटो लावला, तेव्हा सासूबाई शेजारी लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांचं नाव बायडाबाई. आम्ही राहतो ती नऊ मजली इमारत त्यांच्याच वावरात उभी आहे, त्यामुळे उंच इमारतींचं त्यांना काडीचं कौतुक नाही. 'मेथी गेली आन सिमिट आलं', एवढंच त्या म्हणतात. पण त्या दिवशी लसणाची ताटली बाजूला सारून त्या उठल्या, टीव्हीपाशी गेल्या आणि दोन मनोऱ्यांच्या मधल्या पुलावर त्यांनी बोट ठेवलं.

"ह्याच्यावनं माणसं जात्यात?"

"जातात, आई."

"आन खाली बघत्यात?"

"त्यासाठीच तर जातात."

त्यांनी ते बोट पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. "कुनाच्या डोस्क्यात आलं आसंल गं हे!" त्या म्हणाल्या. मी तो फोटो शंभरदा बघितला होता. मला हा प्रश्न एकदाही पडला नव्हता.

विश्वजीत तेवढ्यात दुकानातून आला होता. तो मला स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "आईला शहरात नको न्यायला. ती जहाजावरच थांबेल." त्याच्या हळू आवाजाला पलीकडच्या इमारतीतही ऐकू जातं.

त्याला कारण होतं. गेल्या दिवाळीत मॉलमध्ये सासूबाई सरकत्या जिन्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. मागे गर्दी तुंबली. लोक बोलायला लागले. शेवटी त्यांना खाली गाडीत बसवून आम्ही खरेदी उरकली. "तिकडे पावलोपावली तसले जिने आहेत," विश्वजीत म्हणाला. "दर ठिकाणी लिफ्ट शोधत बसलो तर जहाज चुकेल. मग काय पोहत यायचं?"

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. "मंग मी काय करायचं त्या जहाजावर?"

विश्वजीत ओशाळला. "अगं आई, तिथं सगळं असतं. खायला-प्यायला, नाटकं, गाणी. डेकवर खुर्ची टाकून मस्त पाणी बघत बस."

"पानी खडकवासल्याला बी हाय," सासूबाई म्हणाल्या आणि लसूण सोलायला निघून गेल्या.

मला राग आला. तो नवऱ्यावर होता की मॉलमध्ये आपण त्यांना गाडीत बसवून आलो त्यावर, ते मी ठरवत बसले नाही. मी म्हटलं, "आपण तालीम करू. पुण्यातच." आपलं घर हे जहाज. रविवारी मी आणि आई मेट्रोनं निघू, सिव्हिल कोर्टला जमिनीखाली उतरू, गाडी बदलू आणि मंडईला वर येऊ. विश्वजीत पाच वाजता गाडी घेऊन मंडईत उभा राहील. आईंना जमलं तर त्या आमच्याबरोबर शहरात येतील.

"आन न्हाई जमलं तर?" सासूबाईंनी बाहेरून विचारलं.

मी विश्वजीतकडे बघितलं.

"न्हाई जमलं तर मी खुर्चीत बसंन," त्याच म्हणाल्या. "गुमान बसंन. पर मंग तू त्याच्यासंगं भांडायचं न्हाईस."

रविवारी वनाजपर्यंत रिक्षानं गेलो. तिथला जिना लिफ्टनं टाळला, कारण सुरुवातीलाच नाट लागायला नको होता. मेट्रोत त्या पहिल्यांदाच बसत होत्या. खिडकीपाशी जागा मिळाली. गाडी पौड रस्त्यावरून डेक्कनकडे आली आणि एकदम डाव्या-उजव्या बाजूच्या इमारती सरून खाली नदी दिसायला लागली. घाटावरची देवळं, पलीकडच्या पेठांची दाटीवाटीची छपरं, भिडे पुलावरून मुंग्यांसारखी चाललेली माणसं. या पुलावरून मी कॉलेजात असताना रोज जायचे आणि रोज शिव्या घालायचे. वरून तो इतका देखणा दिसेल असं मला वाटलं नव्हतं.

"मुठाच का ही?" सासूबाईंनी विचारलं.

"मुठाच."

"बाई बाई," त्या म्हणाल्या आणि काचेला कपाळ टेकून बसल्या.

सिव्हिल कोर्टला उतरलो. ते स्टेशन इतकं खोल आहे की वरून तळ दिसत नाही. एक सरकता जिना खाली जातो, तिथून दुसरा, मग आणखी एक. रविवारची गर्दी त्यावरून सरसर खाली वाहत होती. सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला, उजवं पाऊल पुढे केलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

"ओ मावशी, व्हा पुढं किंवा व्हा बाजूला," मागून आवाज आला. आम्ही बाजूला झालो.

"खाली बघितलं की पायऱ्या पळत्यात," त्या म्हणाल्या. "डोळं फिरत्यात."

"खाली बघू नका."

"बघायचं न्हाई म्हनलं की बघितलंच जातंय."

दुसऱ्यांदा गेलो. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर त्या जिन्यापर्यंतही पोचल्या नाहीत. पदरानं तोंड पुसलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या घाम पुसत नव्हत्या. मी म्हटलं, "आई, लिफ्टनं जाऊ. त्यात काय एवढं?"

"जहाज लागंल तिकडं लिफ्ट कुटं हाय ते तुला ठावं हाय का?"

मला ठाऊक नव्हतं.

"मंग?" त्या म्हणाल्या. बराच वेळ आम्ही भिंतीशी उभ्या होतो. माणसं येत होती, जिन्यावर पाय ठेवत होती आणि दिसेनाशी होत होती. लहान पोरंसुद्धा. मी मनातल्या मनात विश्वजीतला काय सांगायचं ते जुळवायला लागले होते.

सासूबाई माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघत होत्या. पाण्याच्या बाटल्या, पोळीभाजीचा डबा, छत्री, शाल. जहाजावरून उतरताना न्यायचं ते सगळं मी हौसेनं भरून घेतलं होतं.

"ती पिशवी दे."

"तहान लागली का?"

"दे म्हनते ना. आन तुजी वढनी बी."

त्यांनी माझी ओढणी पिळली, गोल वळवून तिची चुंबळ केली, ओझ्याखाली ठेवतात तशी, आणि डोक्यावर ठेवली. मग पिशवी दोन्ही हातांनी उचलून त्यावर चढवली. वर्षानुवर्षं वारज्याहून भाजीची पाटी घेऊन त्या मंडईला चालत यायच्या, हे मला माहीत होतं. घरात सांगतात म्हणून माहीत होतं, एवढंच. पिशवी डोक्यावर बसली आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांची पाठ सरळ झाली, खांदे खाली आले, हनुवटी उचलली गेली. गुडघ्यांवर हात ठेवून कण्हत उठणारी बाई कुठे गेली ते कळलंच नाही.

"ओ ताई," सुरक्षारक्षक धावत आला. "हे असं डोक्यावर घेऊन चालणार नाही."

"कुठे लिहिलंय? पाटी दाखवा," मी म्हटलं.

पुण्यात पाटी नाही असं कसं होईल, म्हणून तो बिचारा खरंच पाटी शोधायला लागला. तेवढ्यात सासूबाई जिन्यावर होत्या.

मी धावत मागे गेले. त्यांनी कठडासुद्धा धरला नव्हता. दोन्ही हात मोकळे, नजर समोर. ओझं असलं की मान वाकत नाही, आणि मान वाकली नाही की पायऱ्या दिसत नाहीत. एकामागून एक तिन्ही जिने त्यांना खाली नेत होते आणि त्या डुगडुगतही नव्हत्या. शेजारच्या जिन्यानं वर येणारी माणसं बोलायची थांबून बघत होती. एकानं मोबाइल वर केला आणि काय वाटलं कोण जाणे, पुन्हा खिशात ठेवला.  मी या बाईबरोबर इतकी वर्षं एका घरात राहते आणि तिची चाल मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

फलाटावर मी अक्षरशः नाचले. "आई, जमलं! केवढं खोल आहे, बघितलंत?"

"न्हाई," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"डोक्यावर वझं आसल्यावर काय दिसतंय?" त्यांनी पिशवी उतरवून माझ्या हातात दिली. तितक्यात गाडी आली.

गाडी सुटल्यावर मी त्यांना सांगितलं, "आता आपल्या डोक्यावर नदी आहे."

"कंची?"

"मघाशी बघितलीत तीच."

त्यांनी गाडीच्या छताकडे बघितलं. मग खिडकीबाहेरच्या अंधाराकडे. मग पुन्हा छताकडे. "वर मुठाई आन आपुन कोरडं," त्या हळूच म्हणाल्या आणि त्यांनी हात जोडले. समोर बसलेल्या, कानात वायरी घातलेल्या मुलीनंही वर बघितलं. मीही बघितलं. या बोगद्यातून मी किती वेळा गेले असेन, पण अंगावर काटा आला तो तेव्हाच.

कसबा पेठ स्टेशन गेल्यावर त्या म्हणाल्या, "ऋतिका, एवढी वर्सं मी मंडईला आले. पर पुन्यात काय हाय, मला ठावं न्हाई. मला फकस्त पुढच्या बाईची पाठ ठावं हाय. उजवीकडं काय, डावीकडं काय, मान कुटं वळवायची? येताना पाटी रिकामी आसायची, पर घरी लेकरू रडत आसायचं. तवा बी पळतच."

ते लेकरू म्हणजे विश्वजीत. 

मंडई आली. उतरलो. आता वर जायचं होतं, आणि वर जाणारा जिनाही तितकाच उंच होता. मी ओढणीची चुंबळ करायला लागले. मला काही ती जमत नव्हती.

"ऱ्हाऊ दे ते," सासूबाई म्हणाल्या.

"अहो, पण आत्ताच तर जमलं. तिकडेही असंच करू. लोक बघतील तर बघू देत."

"लोकांचं न्हाई गं." त्या जिन्याकडे बघत होत्या, आणि त्यांचा आवाज पुन्हा बारीक झाला होता. "वझं घेऊन मी कुटं बी जाईन. पर मला तिकडं बगायला जायचंय. तसंच जायाचं तर ती खुर्ची काय वाईट?"

त्यांनी माझं मनगट पकडलं. त्यांच्या बांगड्या माझ्या हाडात रुतल्या.  त्यांनी पाऊल पुढे केलं, मागे घेतलं, आणि मग "आई, तुळजाभवानी" म्हणून डोळे मिटून पुढे टाकलं. पाऊल टेकलं. दुसरं टेकलं. आम्ही दोघी वर निघालो.

"डोळे उघडा," मी म्हटलं.

त्यांनी उघडले. पहिल्यांदा खाली बघितलं आणि माझ्या मनगटाचं कल्याण झालं. मग त्यांनी मान उचलली, आणि ती खाली आलीच नाही. उंच भिंती, लांबच लांब दिवे, वरून खाली येणारी तोंडं, त्या सगळ्याकडे बघत होत्या. उजवीकडे वळून, डावीकडे वळून, एकदा तर पार मागे वळून. तोंडानं काहीतरी पुटपुटत होत्या. मी कान दिला. "केवढं! केवढं!" एवढंच होतं.

विश्वजीत वर जिन्याच्या तोंडाशीच उभा होता. आम्ही लिफ्टनं येऊ असं धरून तो आधी लिफ्टपाशी थांबला होता, हे त्यानं नंतर सांगितलं. त्यानं आईला जमिनीतून वर येताना बघितलं. डोक्यावर ओझं नाही, हात माझ्या हातात, नजर आभाळात. त्याचा चेहरा मी बघितला आणि महिनाभराचं भांडण माझ्यापुरतं मिटलं.

"आई, जिना संपतोय! पाय उचल!" तो ओरडला आणि दोन्ही हात पुढे केले.

त्यांनी पाय उचलला, त्याच्या हातांना हात लावला आणि त्याला ओलांडून रस्त्यावर आल्या. समोर मंडईची जुनी दगडी इमारत होती. संध्याकाळचं ऊन तिच्या मनोऱ्याच्या टोकावर आलं होतं. भाजीवाल्यांचा गलका चालला होता, रिक्षा भोंगे वाजवत होत्या, कुणीतरी कुणालातरी "डोळे फुटले का" म्हणून विचारत होतं.

"विश्वा, ही कुटली रं इमारत?"

"आई, ही मंडई. तुझीच मंडई."

"ही?" त्यांचं डोकं हळूहळू मागे झुकत गेलं, पदर खांद्यावर घसरला. "हिला मनोरा हाय?"

विश्वजीतनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मला वाटलं गाडीचं सांगेल, ती त्यानं नक्कीच भलत्या ठिकाणी लावली असणार. पण तो आईच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि त्यानंही मान वर केली.